पहिल्यांदाच कयाकिंग करायचे आहे. तापोळ्याचा जलाशय बरा की गोव्यातील पाळोळ्याचा समुद्र?

वल्हे कधीच हाती धरले नसेल, तर आधी तापोळा निवडावा. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात भरती-ओहोटीचा प्रश्न नसतो आणि सकाळी पाणी बहुधा संथ असते. मात्र धरणाचे पाणी काठापासून थोड्याच अंतरावर खोल होऊ शकते, त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट काढू नये.

पाळोळ्याचा किनारा अर्धचंद्राकृती असून त्याच्या दोन्ही टोकांना खडक असल्यामुळे आतल्या भागात लाटा सौम्य असतात, आणि उत्तरेकडील काणकोण बेटाच्या आसपास रमतगमत वल्हवणे नवख्यालाही जमते. बटरफ्लाय बीचचा मोह मात्र, माझ्या मते, पहिल्या दिवशी टाळावा, कारण भूशिर ओलांडताच खुला समुद्र लागतो आणि दुपारी समुद्रावरून वारा सुटला की दमलेल्या हातांनी परतीचे अंतर कापणे जड जाते. सकाळी लवकर निघून अकराच्या आत परतावे. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा ती त्याच दिवशी स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्यावी. जून ते सप्टेंबर या काळात समुद्रातील सहलीचा विचारच करू नये.