मांडी, ज्वारीची पिशवी आणि उलटी खुर्ची

चैत्र सरत आला, आखाजी म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया जवळ आली, की जळगावच्या माझ्या खोलीत एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी बोलू लागते. "मॅडम, बाळाची पहिलीच आखाजी आहे. माहेरी गाडीने जायचंय. कार सीट कोणती घेऊ?" भुसावळच्या, अमळनेरच्या, बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या कितीतरी जणींनी हे विचारलं आहे. पूर्वी मला वाटायचं, दुकानदाराला विचारायचा प्रश्न समुपदेशकाकडे कसा आला? आता तसं वाटत नाही. यातल्या एका घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुवर्णा बँकेत नोकरीला. बाळ चार महिन्यांचं, वजन सहा किलो. सासर जळगावात, माहेर शहाद्याकडे. चोपडा, शिरपूर करत साडेतीन-चार तासांचा रस्ता. ती आली होती झोप लागत नाही म्हणून. रात्री बाळाला पाजून झालं की मोबाईल हातात घ्यायची आणि पहाटेपर्यंत कार सीट बघत राहायची. सोबत आणलेल्या वहीत तक्ता होता. त्यात ११ सीटा, त्यांच्या किमती, वजनाच्या मर्यादा, पट्टे, धुता येणारं कापड असं सगळं नीट आखून लिहिलेलं. दोन महिने हेच चाललं होतं आणि एकही सीट मागवलेली नव्हती.

"कोणती सुरक्षित, एवढंच सांगा ना," ती म्हणाली.

मी सांगितलं. समोरच्या माणसातच त्याचं उत्तर असतं, हे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं म्हणणं मी मनापासून मानते. पण जिला माहिती हवी आहे तिला 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारत बसणं मला अन्यायाचं वाटतं. आधी माहिती द्यावी, मग मनाकडे वळावं.

तर माहिती अशी. इतक्या लहान बाळासाठी प्रकार एकच, उलटी बसणारी सीट, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं आणि मान अजून कोवळी असते. समोरून धडक बसली तर सरळ बसवलेल्या बाळाचं धड पट्ट्यात अडकतं आणि जड डोकं पुढे झेपावतं. सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमध्ये तोच धक्का डोकं, मान आणि पाठ मिळून सीटच्या पाठीवर घेतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये दोन वर्षांपर्यंत उलटं बसवा असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी वयाची ती रेघही पुसली. सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटंच ठेवा, असं आता त्यांचं सांगणं आहे. युरोपातल्या आर १२९ या नियमात किमान १५ महिन्यांची अट आहे.

सीटवर शिक्का बघायचा. आर ४४ (आर १२९च्या आधीचा नियम) किंवा आर १२९ असं लिहिलेलं आणि वर्तुळात 'ई' हे अक्षर. त्या 'ई'जवळचा आकडा दर्जाचा नसतो, मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो. त्यावरून तुलना करू नये. आपल्याकडचं मानक एआयएस ०७२. पाळणा, झोका, भरवायची खुर्ची आणि कार सीट असं सगळं एकाच वस्तूच्या खोक्यावर छापलेलं असेल आणि शिक्का कुठेच नसेल, तर ती वस्तू घरात खुशाल वापरा, गाडीत नको. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून बघा. दोन लोखंडी कड्या लागल्या तर आयसोफिक्सची, म्हणजे थेट त्या कड्यांत अडकणारी सीट बसू शकेल. नसतील तर गाडीच्या बेल्टने बांधायची सीट घ्या; नीट बांधली तर तीही चांगलीच. आणि विकत घेण्याआधी ती आपल्याच गाडीत बसवून पाहा. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये.

नाशिकच्या नणंदेची जुनी सीट मिळत होती, तीही चर्चा झाली. सख्ख्या नणंदेची असल्याने तिच्या गाडीला कधी धडक बसली का, हे विचारता येत होतं. ती बसलेली नसेल, सीटवरची मुदत संपलेली नसेल आणि सगळे पट्टे शाबूत असतील तर हरकत नाही. अनोळखी माणसाकडून जुनी सीट मात्र घेऊ नये. तिची कहाणी आपल्याला कळत नाही.

सुवर्णाने सगळं लिहून घेतलं. माझ्या हिशेबाने प्रश्न सुटला होता. पुढच्या आठवड्यात ती आली, तेव्हा तक्त्यात १४ सीटा झाल्या होत्या.

मी वही मिटून बाजूला ठेवली. "समजा, उद्या दारात खोकं आलं. पुढे काय होईल?"

"बसवू गाडीत."

"कोण बघत असेल?"

ती थांबली. बराच वेळ पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "सासूबाई ओट्यावर बसलेल्या असतील. मला त्यांना सांगावं लागेल, की बाळ आता तुमच्या मांडीवर नाही."

एवढं बोलली आणि रडली.

इतक्या जणींना दुकानदाराचा प्रश्न माझ्याकडे का आणावा लागतो, ते मला त्या दिवशी उमगलं. सीट निवडली की घरात बोलावं लागतं, म्हणून निवड संपतच नाही. तक्ता वाढत राहतो तोवर भांडण लांब राहतं. बाळाच्या सुरक्षेची काळजी खरीच असते, पण तिच्या आड सासूचं मन दुखावण्याची दुसरी काळजी लपलेली असते, आणि ती तक्त्यातल्या कुठल्याच सीटने मिटणारी नसते. हे कळल्यावर मी माझी विचारण्याची पद्धतच बदलली. आता सीटबद्दल कोणी विचारलं की माहिती देऊन झाल्यावर मी विचारते, "गाडीत बाळ सध्या कोणाच्या मांडीवर असतं?" बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथून सुरू होते.

तिसऱ्या भेटीला सासूबाईंना घेऊन या म्हटलं. चोपड्याकडच्या त्या. नऊवारी, हातात नातवाचं दुपटं. खुर्चीवर टेकताच मला म्हणाल्या, "मनी मांडी शे ना, खुर्ची कसाले जोयजे?" माझी मांडी आहे ना, खुर्ची कशाला हवी?

मी त्यांना धडकेचं गणित ऐकवलं असतं तर त्यांनी मान हलवली असती आणि घरी जाऊन बाळाला मांडीवरच घेतलं असतं. मी विचारलं, "आजी, मांडीवर बाळ असलं की तुम्हाला काय वाटतं?"

त्या बोलू लागल्या. तीन मुलं मांडीवर वाढवली. बैलगाडीतून शेतात, एसटीतून सप्तशृंगीला, मोठ्याला ताप आला तेव्हा रात्री जीपमधून धुळ्याला. "माझ्या मांडीवरून एक पोर कधी पडलं नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. ऐकताना मला जाणवलं, की सुनेने खुर्ची आणायची म्हणजे इतक्या वर्षांच्या त्या मांडीवर कोणीतरी लाल रेघ ओढायची.

"बैलगाडी कितीच्या वेगाने जायची, आजी?"

"चालत्या माणसाबरोबर."

"आणि तुमचा निलेश शहाद्याच्या रस्त्याला गाडी किती पळवतो?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुवर्णा म्हणाली, "सत्तर-ऐंशी."

मग मात्र मी एकच हिशेब सांगितला, कारण आता तो त्यांच्या स्वतःच्या गोष्टीत बसत होता. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर सहा किलोचं बाळ त्या क्षणाला सव्वा क्विंटलच्या आसपास जोराने पुढे ओढलं जातं. कापूस, मका मोजण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना क्विंटल समजावून सांगावा लागत नाही. आजी गप्प झाल्या. मीही गप्प राहिले. अशा वेळी शांतता भरून काढायची घाई न करणं, हे मी बऱ्याच वर्षांनी शिकले आहे.

पुढे जे झालं ते मी सुचवलेलं नव्हतं. घरी गेल्यावर आजींनी जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, त्यात सहा किलो ज्वारी भरली, तोंड बांधलं आणि मुलाला म्हणाल्या, चल. घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर, बाळाला घरी ठेवून, स्वतः बेल्ट लावून त्या मागे बसल्या. निलेशने वीसच्याही आतल्या वेगात गाडी आणली आणि ब्रेक दाबला. पिशवी हातात राहिली. आजी म्हणाल्या, "मला माहीत होतं ना तू दाबणार. आता न सांगता दाब." तीन-चार फेऱ्या त्याने नुसत्याच मारल्या. आजी शेजारणीच्या लग्नाच्या याद्यांचं काहीतरी सांगत होत्या आणि त्याने मधेच ब्रेक लावला.

पुढच्या भेटीत त्यांनीच मला हे सांगितलं. दोन्ही तळवे उघडे करून दाखवले. "ब्रेक लागना आनि पिशवी कव्हय गई, समजनंच नही." पिशवी गुडघ्यांवरून घसरून पुढच्या दोन सीटांच्या मधे खाली पडली होती. त्यांनी ती उचलली, पुसली आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसून राहिल्या, असं सुवर्णाने मागून सांगितलं. "हे तर नुसतं ब्रेक होतं, ताई," आजी म्हणाल्या. मग आवाज उतरला. "म्हणजे मी माझ्या पोरांना असंच नेलं की काय?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, आणि त्यासाठीच मी थांबले होते. जुनी माणसं नवी गोष्ट नाकारतात ती हटवादीपणाने, असं आपण पटकन म्हणतो. पुष्कळदा ती या प्रश्नाला घाबरत असतात. मी म्हणाले, "आजी, बैलगाडीला तुमची मांडी पुरेशी होती. तुमच्यापाशी जे सगळ्यात सुरक्षित होतं ते तुम्ही पोरांना दिलंत. आजही तेच द्यायचंय." त्यांनी डोळे पुसले. सुवर्णाने पहिल्यांदाच स्वतःहून त्यांचा हात हातात घेतला. त्या भेटीत मी आणखी काही बोलले नाही. इतक्या वर्षांच्या कामात अशा काही भेटी आहेत, ज्या आठवल्या की आपण हे काम निवडलं याचं समाधान वाटतं, ही त्यातली.

नंतरचं सगळं कामाचं होतं. सीट त्याच आठवड्यात आली, आर ४४चा शिक्का असलेली, मधल्या किमतीची. शिक्का आणि आपल्या गाडीत घट्ट बसणं या दोन गोष्टी जमल्या की पुढचे पैसे बरेचसे कापडाचे आणि सोयीचे असतात, असं माझं मत आहे. सीट मागे बसवली. पुढच्या सीटवर, समोर एअरबॅग चालू असताना, उलटी सीट कधीही ठेवायची नसते. एअरबॅग उघडली तर ती सीटच्या पाठीवर, म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

पट्टे तपासायचं काम आम्ही आजींकडे दिलं. उलट्या सीटमध्ये पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. ते आवळल्यावर खांद्यापाशी चिमटीत धरून पाहायचे. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर अजून सैल आहेत. आपल्याकडे बाळाला गुंडाळून बाहेर न्यायची सवय, पण गुंडाळलेल्या बाळाच्या पायांतून मधला पट्टा जात नाही. आधी पट्टे लावायचे, मग वरून दुपटं पांघरायचं. राईची उशी डोक्याखाली ठेवायची नाही. सीटसोबत आलेलं नाही ते सीटमध्ये घालायचं नाही. पाठ इतकी कललेली हवी, की हनुवटी छातीला टेकणार नाही. हनुवटी टेकली तर तान्ह्याचा श्वास अडू शकतो. म्हणूनच सीट घरात झोपायला वापरायची नाही, आणि प्रवासात दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढायचं, पाजायचं, आडवं होऊ द्यायचं. पाजायला काढायचं ते गाडी उभी करून. चालत्या गाडीत रडलं तरी पट्टा सोडायचा नाही. इथे आईचं काळीज फार ओढतं, पण रडणारं बाळ श्वास घेत असतं.

आणि आपलं ऊन. आखाजीच्या दिवसांत उन्हात उभ्या गाडीतलं बक्कल चटका देतं. गाडी आधी गार करा, बक्कल हाताच्या पालथ्या बाजूने तपासा, उभ्या गाडीत बाळाला दोन मिनिटंही एकटं सोडू नका.

निलेशला दंडाचा मुद्दा पटला. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा त्याच्या सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड आहे. मी दंडावर फारसा भर देत नाही, पण घरातल्या एखाद्याला त्या दारातूनच आत यायचं असेल तर येऊ द्यावं.

आखाजीला ते निघाले. आजी बाळाच्या शेजारी, बाळाची मूठ त्यांच्या बोटाभोवती. चोपड्याला आणि शिरपूरला थांबले. शहाद्याला पोचल्यावर सुवर्णाचा फोन आला, मागे झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. वहीचं तिने नावही काढलं नाही. झोप कशी आहे विचारलं, तर म्हणाली, बाळ झोपू देईल तेवढी.

पोळ्याच्या सुमाराला आणखी एक फोन आला, या वेळी आजींचा. बाळाचे पाय मागच्या सीटच्या पाठीला टेकायला लागले होते. आता त्याला सरळ करायचं का, असं त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, पाय दुमडून बसलं तरी चालतं. बाळाचं वजन सीटच्या मर्यादेच्या आत आहे आणि डोक्याच्या वर सीटची पाठ दोन-तीन बोटं उरते आहे, तोवर उलटंच ठेवा. पलीकडे त्या उठल्या, बहुधा गाडीपाशी गेल्या. परत फोनवर आल्या तेव्हा दमल्या होत्या.

"तीन बोटं शेतस," त्या म्हणाल्या. "मंग राहू द्या उलटंच."