ऑटिझम असलेल्या मुलाला मित्र कसे मिळणार? (थोडं लांबलचक उत्तर)

ताई, तुमचं म्हणणं असं की मुलगा सोळाचा, ऑटिझमचं निदान लहानपणीच झालेलं, नुकतीच दहावी दिली, मित्र एकही नाही, दिवसभर मोबाईलवर मेट्रो आणि रेल्वेचे व्हिडिओ बघतो, व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात टाकलं तर दुसऱ्याच दिवशी जात नाही म्हणाला, तर आता त्याला चारचौघांत मिसळायला शिकवायचं कसं? माझा मुलगा आता बावीसचा आहे, यातल्या बऱ्याच गोष्टी घरात बघितल्यात, म्हणून लिहिते.

ते शिबिर आधी डोक्यातून काढा. तीस-पस्तीस पोट्टे, माईकवर ओरडणारे सर, दर थोड्या वेळानं नवा खेळ नवी जोडी, आणि वरून आपलं नागपूरचं ऊन. आपल्या मुलांना जे जे जड जातं ते सगळं एका हॉलमध्ये गोळा केलं की त्याला शिबिर म्हणतात. तो नाही म्हणाला, म्हणजे स्वतःला काय झेपत नाही हे त्याला तोंडानं सांगता आलं, मला तर ही जमेची बाजू वाटते.

आणि "मिसळायला शिकवणं" म्हणजे आपण बहुतेक वेळा काय करतो, तर डोळ्यात बघ, हात हलवू नको, रेल्वेचं सारखं बोलू नको. मुलं हे शिकतातही हो, शाळेत दिवसभर नॉर्मल असल्याचं नाटक करतात आणि घरी आल्यावर दप्तर फेकून रडतात नाहीतर दार लावून बसतात. डेमियन मिल्टन म्हणून ब्रिटनमधले अभ्यासक आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजणं दोन्हीकडून असतं, ऑटिस्टिक माणसाला बाकीचे कळत नाहीत तसेच बाकीच्यांनाही तो कळत नाही, मग दुरुस्ती एकट्यानंच का करायची? पुढे 2020 मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला, एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशी साखळी. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट बाकीच्यांइतकीच नीट पोचली, गळती झाली ती मिश्र साखळीत. नंतर जास्त लोकांवर परत करून बघितलं तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती तशी दिसली नाही, पण ऑटिस्टिक लोक आपसात कमी पडतात असं काही तेव्हाही निघालं नाही.

म्हणून माझं सरळ मत, त्याला गर्दीत ढकलू नका, त्याच्या आवडीची दोन-तीन माणसं शोधा. मेट्रो आवडते ना, मग झालंच की काम! थेरपी सेंटरच्या बाहेर बसणाऱ्या आया असतात ना, त्यांनाच विचारा कोणाच्या पोराला गाड्यांचं वेड आहे, एक तरी निघतोच. आमचा ग्रुप असाच जमला. तीन-चार घरं, रविवारी सकाळी, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, किती वाजता संपणार हे आधी सांगितलेलं. कधी मोतीबागच्या नॅरोगेज रेल म्युझियममध्ये, नाहीतर नुसतं मेट्रोत बसून लोकमान्य नगर ते प्रजापती नगर आणि परत. एसी, गर्दी कमी, पुढचं स्टेशन कोणतं ते आधीच कळतं, यांना अजून काय पाहिजे.

पहिल्या वेळी तुम्हाला वाटेल हे काय, कोणी कोणाशी बोलतच नाहीये. चौघं ओळीनं बसलेले, चौघं खिडकीबाहेर. एक म्हणतो, "एलएडी चौकानंतर झाशी राणी." दुसरा मान न वळवता, "नाही, मधात शंकर नगर आहे, मग इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स, मग झाशी राणी." आणि पहिला खूश! पुढच्या रविवारी तो घरून नकाशा काढून आणतो. यांच्यात मैत्री अशीच होते, आपल्यासारखी गप्पा मारून नाही. आयांनी मात्र दुसऱ्या डब्यात बसायचं, नाहीतर आपणच बोलत बसतो आणि पोरं कोपऱ्यात मोबाईल घेऊन.

आत्मविश्वासाचं म्हणाल तर भाषणं ठोकून येत नाही, काम दिलं की येतो. आमच्यात एकाकडे फक्त वेळापत्रक आहे, कुठली गाडी पकडायची तो ठरवतो आणि बाकीचे ऐकतात. घरी न बोलणारा पोरगा तिथे चक्क ऑर्डर सोडतो.

मोबाईलवरून घरात भांडण करू नका. स्टुअर्ट डंकन म्हणून कॅनडाचे एक गृहस्थ आहेत, त्यांनी 2013 मध्ये ऑटिस्टिक मुलांसाठी माईनक्राफ्ट गेमचा वेगळा सर्व्हर काढला, कारण बाकी ठिकाणी या मुलांना फार छळायचे. तिथे झालेले मित्रही मित्रच. फक्त पैशाकडे लक्ष ठेवा, कॉलेजात "भाई तू आपला दोस्त" म्हणत रोज तर्री पोहे याच्याच फोनवरून उकळणारी पोरं भेटतात आणि आपल्या मुलाला ते कळत नाही. आमच्याकडे साधा नियम आहे, मागच्या वेळी मी दिले तर आता तो देईल, आणि त्यानं नाही दिले तर घरी येऊन सांगायचं.

त्याला निदान सांगायचं का, हे विचारलंत. हो, सांगाच, सोळा म्हणजे उशीरच झाला. तुला आवाज जास्त का लागतो, मारबतीच्या मिरवणुकीत तू कान का दाबतोस, इथून सुरू करा. वर्गातल्या पोरांना मात्र त्याला विचारल्याशिवाय काही सांगू नका, तो त्याचा निर्णय. आणि सासूबाई म्हणतात "लग्न झालं की सुधरेल", त्यावर मी काय बोलू, हसून सोडा.

आता लगेच करायचं ते म्हणजे अकरावीची ॲडमिशन झाली की कॉलेज सुरू व्हायच्या आधी त्याला रिकाम्या बिल्डिंगमध्ये फिरवून आणा, वर्ग, बाथरूम, जिना सगळं. एखाद्या मॅडमशी बोलून मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसायची परवानगी घेऊन ठेवा, दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स सोबत न्या. पहिला महिना डबा एकट्यानं खाल्ला तरी चालतो, त्यावरून घरी रोज विचारपूस नको.