तीन नंबरच्या प्रेसवरची जाळी

प्रश्न : अंबड एमआयडीसीत माझं प्रेस पार्टचं (प्रेस मशीनवर पत्रा दाबून सुटे भाग काढायचं) छोटं युनिट आहे, 38 कामगार. मुलगा गेल्या वर्षी बीई मेकॅनिकल झाला, 6.7 सीजीपीए. कॅम्पसला काही झालं नाही म्हणून सहा महिने कारखान्यात बसवला, तर तिथे त्याचे भलतेच उद्योग. तीन नंबरच्या प्रेसला स्वतः वेल्डिंग करून जाळी बसवली आणि दिवसाचा माल चारशे नगांनी कमी झाला. कामगारांना हातमोजे, बूट सगळं दिलेलं असताना ही जाळी कशाला? शेवटी मीच काढून ठेवली. कॉलेज रोडचा एक कन्सल्टंट म्हणतो की सेफ्टीला स्कोप आहे, मार्क फार लागत नाहीत, यूकेत हेल्थ, सेफ्टी अँड एन्व्हायर्न्मेंटल मॅनेजमेंटची एमएस्सी एका वर्षात होते. सोबत नेबॉश हे सेफ्टीचं सर्टिफिकेटही करून देतात, म्हणजे परत आला तरी इथे सेफ्टी ऑफिसर पक्का. खर्च 28 लाख. पाथर्डी फाट्याचा प्लॉट तारण ठेवायची माझी तयारी आहे. आमच्याकडे तपासणीला साहेब लोक येतात, फायली बघून जातात, त्यामुळे या लाइनमध्ये काय असतं ते मला ठाऊक आहे. मुलगा हो-नाही काहीच बोलत नाही. सप्टेंबरचा प्रवेश घेऊन टाकू का?
– एक पालक, नाशिक

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा 28 लाखांपाशी अडखळले, दुसऱ्यांदा जाळीपाशी. आणि खरं सांगू का, दुसऱ्यांदा जास्त वेळ थांबले.

माझ्याकडे पालक येतात ते कल चाचणीचे पंधरा-पंधरा पानांचे रिपोर्ट घेऊन. त्यात रंगीत आलेख असतात आणि मुलाला नेमकं काय आवडतं ते कुठेच नसतं. तुम्ही मात्र मुलाचा कल एका ओळीत सांगून मोकळे झालात, तोही तक्रार म्हणून. सहा महिने रोज तो प्रेस बघत होता. कुणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते, बापाची बोलणी मात्र खात्रीने बसणार होती, तरी त्याने माप घेतलं, जाळी कापली आणि वेल्ड करून बसवली. अहो, याला अभ्यासात साधारण म्हणा हवं तर. भलते उद्योग म्हणू नका.

तुमच्या शॉपमध्ये काय चालतं ते मी न येताही सांगू शकते, कारण अंबड-सातपूरच्या निम्म्या गाळ्यांत तेच चालतं. डाव्या हाताने पट्टी सरकवायची, पाय पेडलवर, रॅम, म्हणजे प्रेसचा दट्ट्या, खाली आला की ठक्, उजव्या हाताने नग काढायचा, की पुन्हा पट्टी. दर चार सेकंदांनी. दुपारनंतर पायाला लय लागते आणि हाताला कंटाळा येतो. पाय पुढे, हात किंचित मागे, एवढाच फरक पडायचा असतो. पेडलऐवजी दोन हातांची बटणं असतील, तर त्यातल्या एकात काडी खुपसून नाहीतर टेप गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलेलं असतं, म्हणजे एक हात मोकळा. माल निघाला पाहिजे ना! सातपूरच्या कुठल्याही टपरीवर चहाचा ग्लास तीन बोटांनी धरणारा माणूस भेटतो, आणि कुणी त्याला विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं.

आता हातमोज्यांबद्दल. पन्नास टनी प्रेसखाली हात सापडला तर मोजा काय करणार? पत्र्याच्या धारेपासून तो वाचवतो, तेवढ्यापुरता चांगला आहे. ड्रिलवर तर मोजा उलट घात करतो, फिरत्या बिटमध्ये अडकला की हाताला घेऊनच जातो. तुम्ही ज्या कोर्सला मुलाला पाठवू म्हणता, तिथे सुरुवातीच्या आठवड्यांतच एक उतरंड शिकवतात. धोका मुळातच काढून टाकता येतो का बघा. नाही तर कमी धोक्याचं काही वापरा. तेही जमत नसेल तर मशीनला अडसर घाला, म्हणजे जाळी, गार्ड, सेन्सर. मग कामाची पद्धत आणि ट्रेनिंग. हातमोजे, हेल्मेट, बूट सगळ्यात शेवटी. तुमचा मुलगा न शिकता तिसऱ्या पायरीवर पोचला होता. तुम्ही त्याला ओढून पाचव्या पायरीवर आणलंत.

एक गोष्ट आणखी. ब्रिटनचा या विषयातला मुख्य कायदा 1974 चा. त्याच्या आधी लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीने 1972 मध्ये अहवाल दिला होता. त्याचं म्हणणं साधं होतं : धोका जो निर्माण करतो आणि त्या धोक्याजवळ जो काम करतो, त्या दोघांची जबाबदारी पहिली, इन्स्पेक्टर नंतर. तिथले सगळे अभ्यासक्रम याच विचारावर उभे आहेत. म्हणजे प्लॉट तारण ठेवून तुम्ही मुलाला तिकडे पाठवणार, ते तीन नंबरच्या प्रेसवर वडिलांचं चुकलं होतं हे इंग्रजीतून शिकायला. मला तरी हा सौदा महाग वाटतो.

मुलगा काहीच बोलत नाही म्हणता. तो बोलला होता की. तुम्ही जाळी काढलीत त्या दिवशी त्याचं बोलणं संपलं. त्यानंतर एक दिवस घरी यूकेचं ब्रोशर आलं. त्यानेही काय बोलावं? जे काम केलं म्हणून ओरडा बसला, त्याच कामाची डिग्री घ्यायला त्याला 28 लाखांचं कर्ज काढून पाठवताहेत, आणि कारण काय, तर मार्क लागत नाहीत. त्याच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते.

आता कन्सल्टंटच्या त्या ‘पक्क्या’बद्दल, कारण या एका गैरसमजापायी नाशिकच्या बऱ्याच मुलांचे पैसे बुडताना मी पाहिलेत. नेबॉश ही ब्रिटनमधली परीक्षा घेणारी संस्था, 1979 पासूनची. तिचं सर्टिफिकेट चांगलं आहे, आखातात त्याला मान आहे, तिथल्या तेल-वायू प्रकल्पांच्या जाहिरातींत ते हमखास मागतात. पण आपल्याकडे कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर हे कायद्याने नेमायचं पद आहे, आणि त्याची पात्रताही नियमांत लिहिलेली आहे. महाराष्ट्राचे हे नियम 1982 चे. इंजिनीअरिंगची डिग्री असेल तर कारखान्यात सुपरवायझरी कामाचा किमान 2 वर्षांचा अनुभव हवा. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची डिग्री असेल तर 5 वर्षांचा. त्यावर औद्योगिक सुरक्षेची, राज्य सरकारची मान्यता असलेली पदवी किंवा डिप्लोमा. आणि त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. नेबॉश या मान्यतेत बसत नाही. परदेशातली एमएस्सी आपोआप बसेल असं समजू नका. आणि अनुभवाची अट तर लंडनहून या नाहीतर लासलगावहून, कुणालाच चुकत नाही. कन्सल्टंटला एकदा एवढंच विचारा की हे लेखी देतोस का. लगेच चहा मागवेल.

मग करायचं काय? आधी दोन वर्षं शॉप फ्लोअर. मग एमएसबीटीईचा, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा, एक वर्षाचा औद्योगिक सुरक्षेचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा, ज्याला सगळे एडीआयएस म्हणतात; तोच मुंबईत सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्येही होतो. मोठी डिग्रीच हवी असेल तर गेट देऊन त्रिचीच्या एनआयटीत इंडस्ट्रियल सेफ्टीचं एमटेक आहे. एमपीएससी, कॅट वगैरे रस्ते त्याला आणि तुम्हाला माहीत असणारच, त्यावर मी जागा घालवत नाही.

दोन वर्षांचा अनुभव तुमच्याच युनिटमध्ये घेऊ का, असं तुम्ही विचाराल. नको. तिथे तो मालकाचा मुलगा आहे, त्याने सांगितलेलं कामगार ऐकतील आणि तो गेला की सोडून देतील. सिन्नरला, गोंद्याला, दिंडोरीकडे एखाद्या मध्यम कारखान्यात प्रॉडक्शन किंवा मेंटेनन्सला लागू दे. पगार कमी असेल, बस पहाटेची असेल. माझा एक जुना विद्यार्थी आज गोंद्याला ईएचएसमध्ये, म्हणजे पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा विभागात आहे. तो सांगतो, ‘मॅडम, पहिलं वर्ष मी एकच गोष्ट शिकलो, लाइन थांबवायला कसं सांगायचं.’ प्रॉडक्शन मॅनेजर तासाच्या टार्गेटसाठी अंगावर येतो, आणि पंचवीस वर्षांच्या पोराने त्याला नाही म्हणायचं असतं. ते वर्गात शिकवता येत नाही. (तुमच्या मुलाची घरी थोडी तयारी झालेली दिसते.)

या लाइनमधल्या फायली तेवढ्या तुम्ही पाहिल्यात, कारण तुमच्याकडे येणारे फायली बघायला येतात. कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरचा दिवस वेगळा असतो. सकाळी पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं कामगारांसमोर टूलबॉक्स टॉक, म्हणजे त्या दिवसाच्या धोक्यांबद्दल बोलणं. मग वर्क परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी : वेल्डिंगचं वेगळं, उंचीवरचं वेगळं. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटच्या टाकीत माणूस उतरवायचा असेल तर आधी मीटर आत सोडून ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली नाही ना, खाली विषारी वायू साचलेला नाही ना हे स्वतः बघायचं आणि मगच सही. ‘पाच मिनिटांचं काम आहे साहेब’ म्हणून न तपासता उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही पडतो. पर्यावरणाचं कामही त्याच माणसाच्या गळ्यात असतं. प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, प्लेटिंगच्या पाण्याचे रिपोर्ट, घातक कचरा कुठे गेला त्याचा हिशोब. नासर्डीच्या काठाने राहणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको. रात्री दोनला फोन वाजला तर तो यालाच येतो.

आपल्या जिल्ह्याने यातलं मोठं काय काय पाहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. 21 एप्रिल 2021 ला महापालिकेच्या रुग्णालयात टाकी भरताना ऑक्सिजनची गळती झाली आणि 20 हून अधिक रुग्ण गेले. 2023 च्या पहिल्याच दिवशी मुंढेगावच्या कारखान्यात आग लागली, तिचा धूर किती लांबून दिसत होता. हे पेपरात येतं. तुटलेली बोटं येत नाहीत.

यूके कधीच नको असं मी म्हणत नाही. तीन-चार वर्षं काम करून गेला तर तिथलं शिक्षण त्याला दुप्पट समजेल, आणि आयओएसएच या तिथल्या व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेला कोर्स कोणता, हे तो कन्सल्टंटशिवाय शोधेल. आत्ता मात्र गणित बसत नाही. शिकून झाल्यावर तिकडे थांबून नोकरी शोधायला आजवर 2 वर्षं मिळत. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिनेच मिळणार आहेत. अनुभव शून्य, वय 22, डोक्यावर वडिलांचा प्लॉट. अशा मुलाला कोण आपल्या साइटची सुरक्षितता सोपवेल? तुम्ही सोपवली होती का?

तुमच्या कामाची एक माहितीही देते. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सेफ्टी ऑफिसर नेमायची अट पूर्वी 1,000 कामगारांवर होती, ती आता 500 वर आली, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 वर. म्हणजे मुलाने योग्य पात्रता मिळवली तर त्याच्यासाठी जागा वाढणार आहेत. तुमच्या 38 माणसांना सेफ्टी ऑफिसर लागत नाही. मशीनच्या धोक्याच्या भागाला गार्ड मात्र 1948 च्या कायद्यातही लागत होतं.

आणि ते चारशे नग. मालक म्हणून ते तुम्हाला टोचणारच, मी नाकारत नाही. पण जाळी लावल्यावर माल का कमी झाला? बहुतेक नग हातानेच काढत असतील आणि जाळीमुळे हात वळसा घेत असेल. डायच्या (साच्याच्या) मागे घसरपट्टी करून, कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारून नग मागच्या मागे पाडता येतो का, हे त्याला बघू द्या. त्याला एक महिना द्या, थोडं पाइपिंग द्या आणि त्या महिन्यात शॉपमध्ये त्याच्या मागे उभे राहू नका. चारशेतले तीनशे परत आले तर तुमचा फायदा. नाही आले तर ते का आले नाहीत ते त्याला आकडे मांडून सांगता येईल, आणि पुढच्या मुलाखतीत हाच किस्सा त्याला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

प्रवेशाचे पैसे भरू नका. कन्सल्टंटला टोकन दिलं असेल तर ते सोडून द्या, तेवढ्यात सुटलात. मला पुढचं पत्र तुम्ही लिहू नका, त्याला लिहू द्या, दोन ओळी का असेनात. आणि ती जाळी भंगारात गेली की अजून स्टोअरमध्ये आहे, तेही त्यालाच लिहायला सांगा.