रिपीट करू की मिळतंय ते घेऊ?

प्रश्न : ताई, मी बार्शीची, अकरावी-बारावी लातूरला हॉस्टेलवर राहून केली. ४ मे २०२५ ला नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली, ७२० पैकी ४०८ आले. बायोत २८२, केमिस्ट्री ८२ आणि फिजिक्स ४४, हो चव्वेचाळीसच. एकूण ११५ बरोबर, ५२ चूक, १३ सोडले. क्लासचे सर म्हणाले निगेटिव्हने खाल्लं तुला, रिपीटर बॅचला बस, पुढच्या वर्षी ६०० कुठं जात नाहीत. पप्पा म्हणतात अजून एक वर्ष काढू, पैशाचं मी बघतो. आई म्हणते बीएएमएस (आयुर्वेदाची डिग्री) मिळालं तर घे आणि मोकळी हो, धाकटा पण पुढच्या वर्षी दहावीला आहे. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. रिझल्ट लागल्यापासून मी एकाही नातेवाइकाचा फोन उचललेला नाही. काय करू? (नाव छापू नका)

उत्तर : अगं, फोन नको उचलूस, त्यात काही बिघडत नाही. मावशीला तुझे मार्क आज कळले काय आणि गणपतीत कळले काय.

तू आकडे पाठवलेस ते फार बरं केलंस, कारण बहुतेक जण मला नुसतं "पेपर वाईट गेला" एवढंच लिहितात. आता तुझ्या सरांचं म्हणणं जरा तपासून बघू. बरोबर प्रश्नाला ४ मार्क, चुकला की १ कापला जातो, म्हणून ५२ चुकले म्हणजे निगेटिव्हमध्ये ५२ मार्क गेले. ते सगळेच्या सगळे प्रश्न तू कोरे ठेवले असतेस तरी ४६० झाले असते. मग ६०० येणार कुठून? फिजिक्सचे ४५ प्रश्न, १८० मार्क, त्यातले तुला १७ आले, २४ चुकले, ४ सोडले. गेलेल्या १३६ मधले निगेटिव्हचे फक्त २४, बाकीचे ११२ हे न आलेले मार्क आहेत. तेव्हा निगेटिव्हने नाही खाल्लं गं, फिजिक्स येत नव्हतं, आणि हे तुला दोन वर्षं माहीत असणार, बायो चांगलं जायचं म्हणून टेस्टच्या टोटलमध्ये ते झाकलं जायचं इतकंच.

थोडं तुझ्या बाजूनेही बोलते. यंदाच्या फिजिक्सने भल्याभल्यांना रडवलंय. २०२४ ला ७२० पैकी ७२० वाली पोरं होती, यंदा, २०२५ ला, देशात पहिला आलेल्याला ६८६ आहेत, आणि ओपनचं नुसतं पात्र व्हायचं कटऑफ १६२ वरून १४४ वर आलं. म्हणून हॉस्टेलमधल्या मागच्या वर्षीच्या दीदीला किती होते आणि तिला कुठलं कॉलेज लागलं ह्याच्याशी स्वतःला तोलू नकोस, रँक बघ. आणि "पुढच्या वर्षी ६००" ह्या वाक्यालाही त्यामुळेच काही अर्थ नाही, पुढचा पेपर कसा येईल ते सरांना तरी कुठं माहितीये.

आता रिपीटचं. नीटला किती वेळा बसायचं ह्याला सध्या मर्यादा नाही, म्हणून घराघरात दुसरं वर्ष, तिसरं वर्ष असं चालू राहतं आणि थांबायचं कधी ते कुणी ठरवतच नाही. माझं सरळ मत सांगते, २८२ बायो असलेल्या मुलीने एक वर्ष द्यायला हरकत नाही, पण तेच वर्ष परत नाही द्यायचं. रिपीटर बॅच म्हणजे बऱ्याच ठिकाणी तोच सिलॅबस पहिल्यापासून, फक्त जोरात पळवलेला. तू परत बायोतल्या पेशीपासून सुरू करणार, तुला ते येत असणार, छान वाटणार, दिवस भरल्यासारखा वाटणार आणि फिजिक्स पुन्हा रात्री साडेदहानंतर. हेच तर झालं ना मागच्या वेळी?

म्हणून फी भरायच्या आधी एक काम कर. पंधरा दिवस घरीच बस, बार्शीतच, कुठलाही क्लास नाही. अकरावीच्या फिजिक्सचा एकच चॅप्टर घे, लॉज ऑफ मोशन घे. रोज वीस प्रश्न, सोल्युशन झाकून, आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या दिवशी परत कोऱ्या कागदावर. व्हिडिओ बघायचा नाही, व्हिडिओ बघताना सगळ्यांनाच येतं. पंधरा दिवसांनी पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा कागद शेजारी ठेव. फरक दिसला तर पप्पांना हो म्हण. टेबलाशी बसवतच नसेल, पोटात गोळा येत असेल, तर तेही उत्तरच आहे आणि त्यात तू नालायक वगैरे काही ठरत नाहीस. तुला काय वाटतं हे तुलाच सांगता येत नाहीये ना, ते असं कागदावरच कळतं बहुतेक.

क्लास लावलास तर फी ठरवताना एकच विचारा, माझ्या चुकलेल्या फिजिक्सच्या प्रश्नांवर आठवड्यातून एकदा माझ्यासोबत कोण बसणार आणि किती वेळ? "डाऊट काऊंटर आहे की" असं मोघम उत्तर आलं तर पैसे खिशात ठेवा.

आणि दिवाळी! हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. माझ्या भाच्याने ड्रॉप म्हणजे असाच एक वर्षाचा गॅप घेतला होता, ऑक्टोबरपर्यंत पोरगं घोड्यासारखं पळत होतं, मग दिवाळीला मित्र कॉलेजचे टी-शर्ट घालून घरी आले, फ्रेशर्सचे फोटो, कॅन्टीनच्या गोष्टी, आणि हा भाऊबीजेनंतर तीन आठवडे पुस्तकाला शिवला नाही. तेव्हा तो आठवडा आधीच सुट्टीचा म्हणून लिहून टाक आणि परत बसायची तारीखही त्याच्याच खाली लिही.

आईचं म्हणणं मी उडवून लावत नाहीये. पण बीएएमएस घेऊन "मोकळी" कुणी होत नसतं, साडेचार वर्षं आणि वर्षभर इंटर्नशिप, पहिल्या वर्षाला संस्कृत आहे. आयुर्वेद शिकायचा असेल तर जरूर घे, चांगला कोर्स आहे. एमबीबीएस नाही मिळालं म्हणून घेतलंस तर पहिल्या सहा महिन्यांत चोरून नीटचे पेपर सोडवत बसशील. सीट धरून ठेवू आणि पुढच्या वर्षी सोडू असा बेत असेल तर प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतला सीट सोडण्याचा नियम आणि दंड आधी वाचा, वडिलांना वाचायला लावा.

रिपीटच करायचं ठरलं तर गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट (मधलं वर्ष काय केलं त्याचं प्रतिज्ञापत्र) लागतं, ते प्रवेशाच्या वेळी होतं, अवघड नाही. आरक्षणासाठी नॉन क्रिमीलेअरचा दाखला लागू असेल तर ३१ मार्चची मुदत बघून नवीन काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलमध्ये रांग असते. आणि धाकट्याला आत्ताच सांग की तुझ्या दहावीत मी घरात आहे, फिजिक्स दोघं मिळून करू. खरंच कर पण.

प्रश्न : एमएचटी-सीईटीला (राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) ८४ पर्सेंटाईल आहेत, पुण्यातच कॉम्प्युटर पाहिजे होतं. गॅप घेऊन परत सीईटी देऊ का? (कोल्हापूर)

उत्तर : पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ना? मग मॅथ्समध्ये किती आहेत ते लिहिलंच नाहीस, २०० पैकी १०० मार्क तर एकट्या मॅथ्सचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, पेपरात अकरावीचं साधारण २० टक्के असतं, म्हणजे वाढायला जागा आहे, ते खरं. तरी नुसत्या ब्रांचच्या नावासाठी घरी बसू नकोस असंच मी म्हणेन. कॅपचे (सरकारी प्रवेशप्रक्रियेचे) राऊंड अजून बाकी आहेत, कोल्हापूर-सांगलीकडची कॉलेजं यादीत टाक, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्सची ब्रांच) टाक, कोडिंग तिथेही शिकता येतं आणि पुढच्या वर्षी सीईटी कॉलेजात राहूनही देता येते. काहीच मनासारखं नाही लागलं तर तेव्हा लिही. आणि ऑप्शन फॉर्म स्वतः भर, पासवर्ड सायबर कॅफेवाल्याकडे ठेवू नकोस.