जुना खेळाडू मोठा की नवा? रग्बी लीगविषयी वाचकांचे प्रश्न

रग्बी लीगबद्दल आलेल्या पत्रांचा या वेळी एकच रोख आहे: जुन्या काळातला खेळाडू आणि आजचा खेळाडू एका तराजूत तोलायचा कसा? त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. नवख्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर रग्बी लीग हा तेरा-तेरा जणांचा खेळ, पंधरा जणांच्या रग्बी युनियनहून वेगळा. चेंडू असलेल्या संघाला सहा टॅकलची मुभा असते. पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे सुरू होतो. सहावा टॅकल झाला की चेंडू समोरच्यांचा. ट्रायचे, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याचे, ४ गुण, ट्रायनंतरच्या गोलचे (खांबांमधून मारलेल्या किकचे) २, पेनल्टी गोलचे २ आणि चालू खेळात मारलेल्या फील्ड गोलचा सहसा १.

प्रश्न: डेव्ह ब्राउनने १९३५च्या सिडनी स्पर्धेत १५ सामन्यांत ३८ ट्राय केले. एका मोसमातला तो आकडा तिथे अजून कुणाला गाठता आलेला नाही. मग आजच्यांपेक्षा तोच श्रेष्ठ, नाही का?
(बी.पी.एड.चा विद्यार्थी, विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर: आकडा थोर आहे, पण तो सोलून बघायला हवा. त्या मोसमात ब्राउनचे गुण २४४. ते असे आले: ३८ ट्रायचे प्रत्येकी ३ म्हणजे ११४, आणि ६५ गोलचे १३०. ट्रायचे ३चे ४ गुण झाले १९८३ साली. म्हणजे आजच्या दराने हिशेब केला तर १५२ अधिक १३०, एकूण २८२. दोन काळांतले गुण शेजारी-शेजारी मांडण्याआधी ही फोड करावीच लागते. ती न केल्यामुळे १९८३ पूर्वीचे ट्राय करणारे खेळाडू उगाच लहान दिसतात आणि गोल मारणारे मोठे.

दुसरी चाळणी समोरच्या संघांची. कँटरबरी हा क्लब १९३५ साली स्पर्धेत नवा होता. ब्राउनच्या ईस्टर्न सबर्ब्जने त्यांना ८७–७ असं हरवलं आणि त्यात एकट्या ब्राउनचे ४५ गुण होते: ५ ट्राय, १५ गोल. कच्च्या संघाविरुद्धचा हा सामना वगळून पाहा. १४ सामन्यांत ३३ ट्राय उरतात. सरासरी २.५३वरून २.३६वर येते, म्हणजे फारशी हलत नाही. ‘दुबळ्यांना झोडपलं’ हा आक्षेप इथे टिकत नाही. मात्र त्याचा स्वतःचा संघही तगडा होता, १९३५, १९३६ आणि १९३७ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवणारा. असा संघ पाठीशी असला की मधल्या फळीतल्या खेळाडूकडे चेंडू मोकळ्या जागेत येतो.

तिसरी चाळणी सगळ्यांत महत्त्वाची: त्याच मोसमातले बाकीचे काय करत होते? त्याच स्पर्धेचा २०२१चा मोसम घ्या. ॲलेक्स जॉन्स्टनने ३० ट्राय केले, टॉम ट्रबोयेविचने १८ सामन्यांत २८. आकडे भरघोस आहेत, पण पहिल्या दोघांत अंतर फक्त दोनचं. नियम २०२० आणि २०२१ मध्ये बदलले होते. टॅकलच्या जागी चेंडू अडवून ठेवला किंवा टॅकलनंतर बचाव दहा मीटर मागे गेला नाही, तर पेनल्टीऐवजी आक्रमकांना पुन्हा सहा टॅकल मिळू लागले. खेळ थांबत नाही, म्हणून बचावाला दम खायला वेळ मिळत नाही, आणि सगळ्यांच्याच ट्रायची संख्या फुगते. त्या मोसमाच्या आकड्यांत नियमाचा वाटा मोठा आहे. तरी ट्रबोयेविचचं वजन कमी होत नाही, कारण तो फुलबॅक, म्हणजे सगळ्यांत मागे उभा राहणारा खेळाडू होता. ट्राय टिपणं हे त्याच्या अनेक कामांपैकी एकच.

आमचं मत: ट्राय करण्यापुरतं १९३५च्या ब्राउनला कुणी मागे टाकलेलं नाही. पण ‘सर्वांत श्रेष्ठ खेळाडू’ हे विशेषण त्या आकड्यातून निघत नाही. आज प्रत्येकाचे टॅकल आणि धावलेले मीटर मोजले जातात, तशी नोंद त्या काळाची हाती नाही.

प्रश्न: सेंट जॉर्जची सलग ११ विजेतेपदं (१९५६ ते १९६६) मोठी की पेनरिथची सलग ४ (२०२१ ते २०२४)?
(वाचक, पंढरपूर)

उत्तर: दोन्ही सिडनीचे क्लब. सेंट जॉर्जच्या काळात टॅकलला मर्यादाच नव्हती. चूक होईपर्यंत चेंडू आपल्याकडेच. समोरच्यांना तो मिळायचा तो स्क्रममधून (दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्या चेंडूसाठी एकमेकींना भिडतात त्यातून), नाहीतर चेंडू मागे सरकवताना पाय घालून. त्यामुळे स्क्रममध्ये चेंडू ओढणारा हुकर आणि थकल्याशिवाय धडका मारणारे पुढच्या फळीतले गडी, यांची किंमत आजच्या कितीतरी पट होती. सेंट जॉर्जकडे केन कर्नी आणि नंतर इयन वॉल्श हे हुकर, उंचापुरा नॉर्म प्रोव्हन, आणि चेंडू मिळाल्यावर त्याचं सोनं करणारे रेग गॅझनियर, जॉनी रेपर, ग्रॅम लँगलँड्स.

१९६७ साली ऑस्ट्रेलियात चार टॅकलची मर्यादा आली. त्याच वर्षी कँटरबरीने त्यांना अंतिम सामन्याच्या दारात रोखलं आणि विजेतेपद साउथ सिडनीकडे गेलं. इथे सगळं श्रेय नियमाला देण्याची घाई करू नका. प्रोव्हन १९६५ नंतर निवृत्त झाला होता आणि संघाचं वयही वाढत होतं. चार टॅकलमध्ये खेळ फार घाईचा होतो असं दिसलं, म्हणून १९७१मध्ये तिथे मर्यादा सहावर नेली. कबड्डीत सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ होते, त्यामागचं दुखणं हेच: एका बाजूने वेळ काढत बसू नये.

पेनरिथची अडचण वेगळी. १९९०पासून खेळाडूंच्या पगारावर एकूण मर्यादा आहे. जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूंचा भाव वाढतो आणि दरवर्षी दोन-चार जण दुसरीकडे जातात. शिवाय १९५६–६६मध्ये क्लब होते १०, तेही सगळे सिडनीतले; पेनरिथसमोर आधी १६ आणि २०२३पासून १७ क्लबांची स्पर्धा. आमचा कौल असा की अकराचा विक्रम मोडणं आता जवळजवळ अशक्य आहे, पण मर्यादेत राहून चार सलग जिंकणं त्याहून कमी कठीण नाही.

प्रश्न: ब्रायन बेव्हनच्या नावावर ७९६ ट्राय, केन अर्विनच्या नावावर २१२. इतका फरक कसा?
(वाचक, अकलूज)

उत्तर: बेव्हन ऑस्ट्रेलियन, पण खेळला इंग्लंडमध्ये, मुख्यतः वॉरिंग्टनकडून. तिथले मोसम लांब, लीगबरोबर चषक स्पर्धाही भरपूर. अर्विनचे २१२ हे फक्त सिडनीच्या क्लब स्पर्धेतले आहेत, २३६ सामन्यांत, म्हणजे सामन्याला ०.९०. दोन देशांतले एकूण आकडे एकमेकांसमोर ठेवू नका, सामन्यामागची सरासरी ठेवा.

प्रश्न: फुलबॅकमध्ये जिम सुलिव्हन, क्लाइव्ह चर्चिल आणि बिली स्लेटर यांत डावं-उजवं कसं करावं? व्हिडिओ पाहून समजतं का?
(शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर: तिघांच्या पाठीवर १ क्रमांक, पण कामं तीन वेगवेगळी.

सुलिव्हन इंग्लंडच्या विगन क्लबकडून १९२१ ते १९४६ खेळला. कारकीर्दीत ९२८ सामने आणि २८६७ गोल, म्हणजे सामन्याला तीनच्या वर. त्या वेळी दोन्ही बाजूंचे फुलबॅक एकमेकांकडे लांब-लांब किक मारत राहायचे आणि ज्याची किक आखूड पडली त्याचा संघ दाबला जायचा. चेंडू कातड्याचा, पावसात पाणी पिऊन जड व्हायचा. टाचेने खड्डा करून त्यात तो उभा करायचा, सरळ धावत यायचं आणि बुटाच्या टोकाने मारायचं. आजचा खेळाडू चेंडू प्लास्टिकच्या टीवर ठेवतो, बाजूने वळून येतो आणि पायाच्या आतल्या भागाने मारतो. म्हणून गोलच्या टक्केवारीची तुलना इथे फसते.

चर्चिलने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत या जागेची व्याख्याच बदलली. किक झेलून परत किक मारण्याऐवजी तो चेंडू घेऊन धावायचा आणि आक्रमणाच्या ओळीत येऊन मिळायचा. अंगाने लहानखुरा, तरी शेवटचा टॅकल करणारा तोच. आज अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारं पदक त्याच्या नावाचं आहे. स्लेटरने ते दोनदा मिळवलं, २००९ आणि २०१७ साली.

स्लेटरचे ३१९ सामन्यांत १९० ट्राय, सरासरी ०.६०. पण त्याचा काळ १९९३ नंतरचा. त्या वर्षापासून बचावाला पाचऐवजी दहा मीटर मागे जावं लागतं. मोकळी जागा दुप्पट झाली आणि संघ दोन थरांत हल्ला करू लागले: पुढच्या थरातले धावपटू बचावाला गुंतवतात आणि मागच्या थरातून फुलबॅक जादा माणूस म्हणून उगवतो. बचावात त्याचं काम बरंचसं तोंडाचं. कोणी कुठे सरकायचं हे तो मागून ओरडून सांगतो आणि सहाव्या टॅकलपूर्वी किक कुठे पडणार याचा अंदाज घेऊन आधीच जागा धरतो. १९९७पासून आणखी एक कटकट वाढली. स्वतःच्या ४० मीटर रेषेच्या मागून मारलेली किक टप्पा खाऊन समोरच्या २० मीटरच्या आत बाहेर गेली, तर चेंडू मारणाऱ्यांकडेच राहतो. त्यामुळे मागचे कोपरेही सांभाळावे लागतात. हा प्रश्न चर्चिलसमोर कधी नव्हताच.

व्हिडिओ जरूर पाहा, पण निवडक क्षणांची फीत नको. तीत झेल सुटलेले आणि जागा चुकलेली दिसत नाही. सलग २० मिनिटं घ्या आणि कागदावर चार रकाने पाडा: किती किक आल्या आणि किती स्वच्छ झेलल्या, झेलल्यावर किती मीटर धावला, आक्रमणाच्या ओळीत किती वेळा आला, मग चेंडू मिळो वा न मिळो, शेवटचा माणूस म्हणून किती टॅकल केले आणि किती हुकले. तिसरा रकाना बहुतेक जण भरत नाहीत, कारण नजर चेंडूमागे जाते. स्लेटरचं अर्धं मोठेपण त्याच रकान्यात आहे: तो येतोय एवढ्यानेच बचावातला एक जण जागा सोडतो. आमची पसंती चर्चिलला. स्लेटरने या जागेची कला कळसाला नेली, पण ती जागा मुळात आक्रमणाची आहे हे मैदानावर पटवून दिलं चर्चिलने.

प्रश्न: जुन्या ऑस्ट्रेलियन सामन्यांत ८ क्रमांकाचा खेळाडू लॉकसारखा (स्क्रमच्या सगळ्यांत मागच्या गड्यासारखा) का खेळतो?
(वाचक, होटगी रोड)

उत्तर: कारण तो लॉकच आहे. पूर्वी तिथे पुढच्या फळीचे क्रमांक उलटे असत: लॉक ८, हुकर १२. आता लॉक १३ आणि हुकर ९. जुन्या सामन्याची नोंद करताना आधी स्क्रममधली जागा पाहून क्रमांक लावून घ्या, नाहीतर प्रॉपचे (हुकरच्या दोन बाजूंच्या गड्यांचे) टॅकल लॉकच्या खात्यावर जातात.

प्रश्न: आमची मुलं कबड्डीची. वेगवेगळ्या काळांतल्या खेळाचा फरक त्यांना मैदानावर करून दाखवता येईल का?
(कबड्डी प्रशिक्षक, बार्शी)

उत्तर: येईल, आणि फळ्यावर समजावण्यापेक्षा लवकर कळेल. ४० बाय ३० मीटरचा चौकोन फक्कीने आखा. सात-सात मुलांचे दोन संघ करा. मोठ्या मुलांना ५ नंबरचा रग्बी चेंडू, १० ते १४ वयाच्या मुलांना ४ नंबरचा. पकड अजिबात नको. कंबरेखाली दोन्ही हात लागले की टॅकल झाला. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पाय मुरगळतो. त्या आधी मातीने बुजवून घ्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत उरका.

तीन डाव खेळवा, प्रत्येकी ५ मिनिटं, मधे ३ मिनिटं विश्रांती. पहिला डाव: टॅकल कितीही, बचाव ५ मीटर मागे. दुसरा: चार टॅकल, ५ मीटर. तिसरा: सहा टॅकल, १० मीटर. पहिला डाव म्हणजे १९६६पर्यंतची अमर्याद टॅकलची चाल, दुसरा १९६७ ते १९७०ची, तिसरा १९९३ नंतरची.

इथे हमखास बिघडतं ते अंतर. मुलं अर्धा-अर्धा मीटर पुढे सरकत राहतात आणि १० मीटरचे ७ होतात; मग तिसरा डाव दुसऱ्यासारखाच दिसतो. १० मीटरची सुतळी घ्या, ५ मीटरवर गाठ मारा. प्रत्येक टॅकलला एका मुलाने ती धरून चेंडूपासून बचावाच्या रेषेपर्यंत उभं राहायचं. पंचाने तिकडे पाहिल्याशिवाय खेळ सुरू होऊ द्यायचा नाही.

दुसरी गफलत थकव्याची. तिसऱ्या डावात मुलं दमलेली असतात, म्हणून बचाव ढिला दिसतो आणि दोष १० मीटरवर जातो. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा ठेवा आणि दोन्ही दिवसांचे आकडे एकत्र करा.

नोंद फक्त तीन गोष्टींची: चेंडू कोणी किती वेळा नेला, हातातून किती वेळा सुटला, ट्राय किती. सहा टॅकलमध्ये बचावाला ५ मीटरच्या नियमात ३० मीटर मागे जावं लागतं, १० मीटरच्या नियमात ६०, आणि प्रत्येक वेळी तेवढंच पुन्हा पुढे धावत यायचं. पहिल्या डावात तुमची जड अंगाची मुलं चेंडू सोडणार नाहीत. तिसऱ्या डावात चौथ्या-पाचव्या टॅकलला तीच मुलं मागे पोहोचायला उशीर करतील आणि त्यांच्या शेजारच्या फटीतून हलकी, चपळ मुलं सुटतील. ती फट कुठे पडते हे मुलांनाच बोट दाखवून सांगायला लावा, आणि त्या जागी पुढच्या डावात कोणाला उभं करायचं हेही त्यांनाच ठरवू द्या.