साठ संध्याकाळींसाठी तीन लाख चाळीस हजार?

प्रश्न: मी 63 वर्षांचा, निवृत्त. पाषाणला छोटा बंगला आहे. खाली आम्ही दोघं राहतो, वर भाडेकरू आहेत, त्यांचं महिना 18,000 भाडं येतं. घरखर्च महिना 50,000. शिल्लक सगळी मिळून 58 लाख. त्यातले 18 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, बँकेतली 4 लाखांची ठेव नोव्हेंबरमध्ये सुटेल, बाकी म्युच्युअल फंड आणि लांब मुदतीच्या ठेवी. दोघांचा मिळून आरोग्यविमा 5 लाखांचा. कॅनडात मुलीकडे लाकडाचा स्टोव्ह पाहिला, तेव्हापासून पत्नीच्या मनात तो भरला आहे. थंडीत पहाटे तिचे गुडघे आखडतात. लहानपणी शनिवार पेठेतल्या वाड्यात ती बंबासमोर बसायची, त्याची फार आठवण काढते. कोटेशन 3,40,000 चं आलं आहे, सोबत जोडलं आहे. लाकूड बागेतलंच, हीटरचं बिलही वाचेल. सुटणाऱ्या ठेवीतून घेऊ का?

उत्तर:

नमस्कार काका,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी आणि दुसऱ्यांदा काकूंच्या बंबासाठी. आमच्या आजोळी न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. वखारीतून आणलेली बंबफोड आणि नारळाच्या करवंट्या आजी त्यात सारायची, आणि परीक्षेच्या दिवसांत मी पुस्तक घेऊन तिथेच बसायचे. त्यामुळे काकूंना नेमकं काय हवंय ते मला कळतं. तरीही नोव्हेंबरची ठेव यासाठी मोडू नका, असंच माझं उत्तर आहे.

आधी बचतीचा मुद्दा बघू. पुण्यात शेगडीची ऊब हवीशी वाटेल अशा संध्याकाळी मोजून साठ धरू, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. रोज चार तास. तुमच्या 14 बाय 16 फुटांच्या खोलीला तेलाचा (म्हणजे आत तेल भरलेला, विजेवरचा) हीटर सरासरी दीड किलोवॅट खाईल. म्हणजे मोसमाची 360 युनिटं. सगळे आकार धरून युनिटला 15 रुपये लावले तरी बिल 5,400 च्या वर जात नाही.

आता लाकूड. एक किलो चांगल्या वाळलेल्या लाकडात साधारण 4 युनिटं उष्णता असते आणि बंद दाराचा चांगला स्टोव्ह त्यातली पाऊण खोलीत देतो. पाच किलोवॅटचा स्टोव्ह चार तास चालवायला सात किलो लाकूड लागेल, मोसमाला 420 किलो. दहा रुपये किलो धरा, 4,200 झाले. शिवाय धुराडं दरवर्षी झाडून घ्यायचं, स्टोव्हच्या दाराची फट बंद करणारी दोरी बदलायची, त्याचे चार हजार. बिल वाचवायला म्हणून घेतलेली वस्तू वर्षाला हीटरपेक्षा महागच पडते.

बागेतल्या लाकडावर तर मुळीच हिशेब बांधू नका. झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीतून मिळेल ते ओलं. ते वर्षभर छपराखाली, जमिनीपासून उचलून ठेवावं लागतं, मध्ये आपला पावसाळा येतो, आणि भिंतीला टेकवून रचलंत तर वाळवी घरात यायला वाट मिळते. ओलं लाकूड धुमसतं आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते. एखाद्या दिवशी ती पेटली तर आग थेट पाइपात लागते.

तुमच्या कोटेशनमध्ये मला सगळ्यात खटकलं ते स्टोव्हचं माप. त्यांनी 8 किलोवॅटचा लिहिलाय. मुलीकडे बाहेर उणे पंधरा असतं आणि शेगडी सहा-सहा महिने पेटलेली असते, तिथे हे माप शोभतं. तुमच्या खोलीला दीड-दोन किलोवॅट पुरतात. आठचा पेटवलात की अर्ध्या तासात खिडक्या उघडाल. मग हवेची झडप दाबून तो मंद ठेवाल, आणि मंद ठेवला की पुन्हा तीच काजळी. शिवाय पुण्यात रात्री आठला हवा बहुधा बोचरी नसते, पारा खाली येतो पहाटे, आणि काकूंचे गुडघे पहाटेच दुखतात. रात्री अकराला विझलेली शेगडी पाचला काय ऊब देणार? टायमर लावलेला हीटर मात्र साडेचारला आपोआप सुरू होतो.

आता पैशाची खरी बाजू. हेच 3,40,000 ज्येष्ठ नागरिक योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवलेत तर करापूर्वी वर्षाला 27,880 रुपये व्याज येतं. त्यात लाकूड आणि साफसफाई मिळवा, 36,000 होतात. साठ संध्याकाळींनी भागा. एका संध्याकाळचे सहाशे रुपये. हौस म्हणून हे चूक आहे असं मी म्हणत नाही. आयुष्यभर जपून खर्च केलेल्या माणसांनी उतारवयात हौस करायलाच हवी. पण तुमचा वर्षाचा खर्च सहा लाख, भाडं जाता 3,84,000 शिलकीतून उचलावे लागतात. 58 लाखांवर हे साडेसहा टक्क्यांहून जास्त झालं आणि पुढे महागाई आहेच. फार मोकळीक नाही हो, काका. आणि बाजाराचा चढउतार किंवा मुदतीआधी मोडल्याचा दंड न सोसता हाताशी येईल अशी रक्कम तीच एक चार लाखांची ठेव. पाच लाखांचा विमा दोघांत संपायला एक मोठं आजारपण पुरतं.

वरच्या भाडेकरूंचंही बघा. कोटेशनमधल्या चित्रात पाइप बाहेरच्या भिंतीवरून, त्यांच्या बेडरूमच्या खिडकीला लागून वर जातो. थंडीत धूर वर न चढता खालीच रेंगाळतो, आणि पुणं हे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांपैकी एक आहे. खिडकीत धूर आला म्हणून ते घर सोडून गेले आणि दोन महिने वरचा मजला रिकामा राहिला, तर 36,000 गेले. म्हणजे शेगडीचा वर्षाचा खर्च दुप्पट.

पाइप स्लॅबमधून नेऊ म्हणालात तर त्यातलं दुखणं मी स्वतः भोगलंय. सोलरच्या पाइपासाठी आमच्या गच्चीला एक भोक पाडलं, बसवणाऱ्याने सिमेंट थापलं आणि गेला. जुलैत कपाटावरचं प्लॅस्टर फुगलं, बोट लावलं की पोपडा हातात यायचा. दोन पावसाळे आणि तीन गवंडी लागले त्याला. स्टोव्हचा पाइप तर तापतो, आकुंचतो, प्रसरतो. त्याच्याभोवती नुसतं सिमेंट टिकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. नोव्हेंबरमध्ये ठेव सुटली की तिचे दोन भाग करून पुन्हा ठेवा, म्हणजे अडीनडीला एकच मोडावा लागेल. व्याजातून आधी आरोग्यविम्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा जोडविमा, घ्या. दहा हजारांच्या आत टायमरचा तेलाचा हीटर आणा आणि खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या लावून घ्या. हे दिवाळीआधी करा. काकूंना बंबाचीच ओढ असेल तर त्यांना घेऊन एकदा कसब्यातल्या तांबट आळीत जा. मागच्या अंगणात उघड्यावर बंब ठेवता येतो. पहाटे त्याच्या पाण्याने गुडघे शेकता येतील. धूर थोडा होईलच, म्हणून वरच्यांना आधी विचारा.

आणि शेगडीचं नाव कायमचं खोडू नका. या थंडीत कॅलेंडरवर खूण करत जा, कुठल्या संध्याकाळी खरंच ती हवी होती. चाळीसच्या वर खुणा झाल्या, तर पुढच्या वर्षी चार-पाच किलोवॅटच्या स्टोव्हचं नवं कोटेशन मागवा. पाइपची वाट, छपरावरची उंची, पाणी गळलं तर जबाबदारी कुणाची आणि किती वर्षं, हे लेखी घ्या. घराचा विमा असेल तर कंपनीला आधी कळवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्यातच धरा. पैसे मात्र ठेवीतून नाही, भाडं वाढेल त्या वाढीतून वेगळ्या खात्यात साठवलेले असू देत.

फेब्रुवारीत कॅलेंडरच्या त्या पानांचा फोटो मला पाठवा. काकूंच्या खुणा वेगळ्या पेनाने असू देत.