मांस खाणं अनैतिक आहे का?

घरोघरी तांबडा-पांढरा रस्सा शिजणाऱ्या कोल्हापुरात राहून मटण सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. मनाला टोचत असेल तर जरूर सोडा, भावकीच्या जेवणात नको म्हणायला लाजू नका. पण दुधाचाही विचार करा. म्हशीला नर रेडकू झालं की बऱ्याच गोठ्यांत त्याला पोटभर दूध मिळत नाही, बिचारं वाळून मरतं. ब्रॉयलर कोंबडी तर दाटीवाटीत वाढून साधारण ४० दिवसांत कापायला येते. माळावर चरलेल्या बकऱ्याचं जगणं मला त्यापेक्षा बरं वाटतं, म्हणून चिकन बंद केलंय, मटण कधीतरी खातो. शेजारच्या जैन घराचा मला आदर आहे. मात्र मटण खातो म्हणून कुणाला भाड्यानं खोली नाकारणं साफ चूक.